कल्पिताची ढोलकी

दिवेखारच्या अंगणवाडीत कल्पिता मदतनीस म्हणून लागली, तेव्हा तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. माहेर पेणच्या बाजूचं, खाडीकाठचं. सासर आगरदांड्याच्या अलीकडे, रस्ता खारजमिनीच्या बांधाला लागतो तिथं. नवरा प्रणय बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा आणि आठवड्यातून एखादाच दिवस घरी असायचा. बाकी घरात सासरे चांगदेव आणि सासू मैना. चांगदेवांचे दोन टेम्पो होते. वरच्या आळीतल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी भजन व्हायचं, ते त्यांच्या आवाजावर चालायचं.

अंगणवाडी वरची आळी आणि सिद्धार्थवाडी यांच्या मधोमध होती. दोन्हीकडची मिळून एकवीस पोरं. बाई होत्या सिद्धार्थवाडीतल्या प्रज्ञा मोरे, कल्पिताहून तीन-चार वर्षांनी मोठ्या. त्या मुलांना गाणी फार छान शिकवायच्या. शब्द साधेच, पण सूर पक्का. कल्पिता आत खिचडीचे तांदूळ निवडत ऐकत बसायची.

जानेवारीतल्या एका सकाळी मुलं बेडकाचं गाणं म्हणत होती. कल्पितानं तूरडाळीचा रिकामा डबा घासून कोरडा केला होता. तो मांडीवर आडवा घेऊन ती बसली होती. हात कधी सुरू झाले ते तिचं तिलाच कळलं नाही. उजव्या हाताची बोटं झाकणावर, डावा तळवा डब्याच्या बुडावर. पोरं आणखी जोरात उड्या मारायला लागली. प्रज्ञा मात्र गायची थांबली आणि आतल्या दारात येऊन उभी राहिली.

“हे कुठं शिकलीस?”

कल्पितानं डबा खाली ठेवला. “कुठं काय ताई, असंच.”

“असंच नाही हे. मी गायन पार्टीच्या घरात वाढलेय. असंच वाजवणाऱ्याचा डावा हात एवढा घुमत नाही.”

पोरं खाऊन घरी गेल्यावर कल्पितानं सांगितलं. तिचे वडील गणराज ढोलकी वाजवायचे. भजनाला, हळदीला, कुणी बोलावलं तर शेजारच्या गावातही. त्यांना एकच मुलगी. ती सात वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं, आणि पुढची दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी मिठागरावरून आल्यावर तिचा हात तयार केला. गावातल्या हळदींना ती त्यांच्या शेजारी बसून वाजवायची. तिच्या लग्नाच्या वर्षभर आधी ते गेले. त्यानंतर तिनं ढोलकीला हात लावला नव्हता.

“सासरी नको म्हणाले?”

“न्हाय ताई. कुणी नको म्हटलं न्हाय. कुणी विचारलंच न्हाय.”

मग प्रज्ञानं तिच्या घरचं सांगितलं. तिचे वडील रत्नपाल मोरे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, या पट्ट्यात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची अकरा जणांची गायन पार्टी होती. गुरुजी स्वतः गाणी लिहायचे, चाली लावायचे आणि पेटीवर बसायचे. म्हसळ्यापासून मुरुडपर्यंत भीमजयंतीला पार्टीला बोलावणं असायचं. मग माणसं पांगली. कुणी मुलाकडे नालासोपाऱ्याला गेलं, कुणी वारलं. ढोलकीवाले सीतारामकाका गेल्याला आता सहा वर्षं झाली होती. जयंतीला डीजे यायला लागला आणि पार्टीची पेटी विहारातल्या कपाटात गेली.

“बाबांचं एकच म्हणणं आहे,” प्रज्ञा म्हणाली, “यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात बसून एकदा नीट गायचं. सत्यवती आत्या आहे, मी आहे, वाडीतल्या दोघी-तिघी उभ्या राहतील. ढोलकीवाचून अडलंय.”

कल्पितानं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. “मी येऊ?” तिनं विचारलं.

रविवारी दुपारी ती गेली. विहार म्हणजे एक लांबट हॉल, पांढरी फरशी, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, वर एक पंखा. सत्यवती आत्या सत्तरीची, भिंतीला टेकून बसलेली. गुरुजी पेटीचा भाता साफ करत होते. पार्टीची जुनी ढोलकी त्यांनी कपाटातून काढली, पण तिची चामड्याची पुडी मधोमध फाटलेली होती. कल्पितानं मग शेजारच्या घरातून पत्र्याचा डबा मागून आणला.

“डब्यावर?” सत्यवती आत्या हसली.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी एक गाणं सुरू केलं. त्यांची आजी महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला चालत गेली होती, त्या वाटेचं ते गाणं होतं. सुरुवातीला अगदी संथ, मग आजीची पावलं वाढत जातात तशी लय वाढते. कुठं वाढते ते त्यांनी कल्पिताला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याला त्यांनी लय उचलली, आणि डब्यावरचा ठेकाही त्यांच्याबरोबर उचलला गेला. गाणं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“कोणाची मुलगी तू?”

“गणराज म्हात्र्यांची. पेणकडचे.”

“ऐकलंय त्यांना. वडखळला, एका हळदीत. फार वर्षं झाली.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “पुढच्या रविवारी ढोलकी घेऊन ये, बाळ.”

ढोलकी माहेरी होती. कल्पितानं अंगणवाडीची एक सुट्टी घेतली आणि एसटीनं गेली. आईनं खुंटीवरून ढोलकी काढून दिली, ती आईच्याच जुन्या साडीत गुंडाळलेली होती. परत येताना मुरुडच्या गाडीत तिनं ती मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट काढायला पाहिजे. आख्खा प्रवासभर ती विचार करत होती की घरात शिरताना काय सांगायचं.

मैना ओटीवर सुकट निवडत होती. “काय आणलंस गो?”

“माझ्या बाबांची ढोलकी.”

मैनानं हात झटकले, साडीची गाठ सोडली आणि पुडीवर नखानं हळूच टिचकी मारली. आवाज ऐकला. मग म्हणाली, “माल्यावर नको ठेवू. उंदीर हायेत. माझ्या कपाटात ठेव.”

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर दर रविवारी कल्पिता कपाट उघडून ढोलकी न्यायची आणि दिवेलागणीला परत आणून ठेवायची. मैना काही विचारायची नाही. चांगदेव रविवारी टेम्पोच्या भाड्यात असत, त्यांना ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये ठाऊक झालं. विहाराच्या दारातून कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत वरच्या आळीच्या ग्रुपवर आला. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या माणसांनी तो चांगदेवांना दाखवला. कुणी वाईट बोललं नाही. एक जण एवढंच म्हणाला, “चांगदेवशेट, तुमची सून तर मोरे गुरुजींच्या पार्टीत गेली.” आणि बाकीचे हसले.

त्या संध्याकाळी चांगदेव जेवायला बसले ते ताटाकडे बघूनच बोलले. “रविवारचं आता बंद.”

“बाबा, मी तिथं फक्त वाजवते.”

“वाजवतेस म्हणूनच. आपल्या आळीत बाया वाजवत न्हाईत. आनी परत त्यांच्याकडं जाऊन.”

कल्पितानं प्रणयला फोन लावला. तो गाडीतच होता, मागं हॉर्नचे आवाज. “व्हिडिओ मीही पाहिला, मला आवडलं तू वाजवतेस ते,” तो म्हणाला. “पण आता बाबांना नको दुखवू. मी आलो की बोलतो.” तो आला, पण बोलला नाही. बापाशी बोलायची त्याला सवयच नव्हती.

दोन रविवार ती गेली नाही. अंगणवाडीत प्रज्ञानं विचारलं नाही. खिचडी ढवळताना एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

मग हनुमान जयंती आली. पहाटेच्या जन्माला देवळात सगळी आळी जमली. भजनी मंडळाची पेटी धर्मा पाटील वाजवायचा, तो आदल्या वर्षी वारला होता. त्याच्या जागी बसायला कुणी नव्हतं, कारण तरुण मुलं सगळी कंपन्यांत किंवा गाड्यांवर. मृदंगवाल्याचे हात थरथरायला लागले होते. म्हणून मंडळानं यंदा नवी सोय केली होती. पेनड्राइव्हवर भजनांचं नुसतं संगीत भरून आणलं होतं. ते मोठ्या स्पीकरवर लावायचं आणि त्यावर चांगदेवांनी गायचं.

पहिलं भजन कसंबसं पार पडलं. दुसऱ्या भजनात चांगदेवांची एक लाडकी जागा होती. एका शब्दावर ते थांबायचे, तो शब्द तीन-चार वेळा वेगवेगळ्या अंगानं म्हणायचे आणि मग अलगद पुढच्या ओळीवर उतरायचे. आळीतली माणसं त्या जागेची वाट बघायची. त्या सकाळीही ते थांबले. शब्द दुसऱ्यांदा घेतला, आणि स्पीकर पुढं निघून गेला. त्यांनी धावत जाऊन ओळ पकडली, ती चुकीची होती. टाळकरी एकीकडे, स्पीकर दुसरीकडे. चांगदेव मध्येच गप्प झाले. संगीत मात्र कडवं संपेपर्यंत वाजत राहिलं आणि सगळे उभे राहून ते ऐकत राहिले.

कल्पिता बायकांच्या बाजूला होती. तिला चांगदेवांकडे बघवेना.

घरी आल्यावर चांगदेवांनी प्रसादही तोंडात घातला नाही. टेम्पो घेऊन बाहेर गेले नाहीत. दुपारी ओटीवर बसले होते तेव्हा कल्पितानं चहा नेऊन ठेवला. ती वळली तसं ते म्हणाले, “बस जरा.”

ती उंबऱ्यावर बसली.

“तुझा बाप गानाऱ्याबरोबर वाजवायचा ना?”

“व्हय.”

“आज तू असतीस वाजवायला, तर काय केलं असतंस?”

“तुम्ही त्या शब्दावर थांबलात ना, तिथंच ठेका फिरवत राहिले असते. तुमचं मन भरेपर्यंत. मग तुम्ही पुढची ओळ उचलली असती, तेव्हा मीही उचलली असती.”

चांगदेवांनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नये म्हणून ते बांधाकडे बघत होते.

“बाबा,” ती म्हणाली, “येत्या रविवारी मी विहारात जानार हाय. तुम्हाला न सांगता जायचं न्हाय, म्हणून सांगते.”

त्यांनी कप उचलून चहा संपवला. “मी बी येतो,” शेवटी म्हणाले. “गुरुजींकडं काम हाय.”

रविवारी दोघं टेम्पोतून गेले. विहाराच्या दारात चांगदेवांनी चपला काढल्या आणि आत कुठं बसावं ते न समजून उभेच राहिले. प्रज्ञानं घाईघाईनं खुर्ची आणली. ते खुर्चीवर न बसता फरशीवर बसले.

“या, चांगदेवशेट,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, सरलच सांगतो. धर्मा गेला तेव्हापासून आमच्या भजनाला पेटी न्हाय. तुमच्यासारखी पेटी या पट्ट्यात कोन वाजवत न्हाय. गुरुवारी तासभर याल का? गाडी पाठवतो.”

सत्यवती आत्या पदरानं वारा घेत होती, तिचा हात थांबला. कल्पितानं प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा फरशीकडे बघत होती.

“मी येणार नाही,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “तुमच्यावर राग म्हणून नाही. मी दीक्षा घेतलेल्या घरातला माणूस. ज्याला मी मानत नाही त्याच्यासमोर बसून वाजवलं तर पेटी खोटी वाजेल. तुम्ही गाणारे आहात, तुम्हाला ते लगेच कळेल.”

चांगदेवांनी मान हलवली. उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला.

“बसा. धर्माचं नाव काढलंत म्हणून एक सांगतो.” गुरुजींनी पेटीवर झाकण टाकलं. “मी बारा वर्षांचा असेन. देवळाच्या पायरीवर आम्हाला येऊ देत नसत, आणि माझा बाप म्हणायचा, बोलावलं तरी जायचं नाही. पण पेटीचा आवाज मला घरात बसू द्यायचा नाही. गुरुवारी मी देवळाच्या पश्चिमेला, गोठ्याच्या भिंतीला लागून उभा राहायचो. आवाज यायचा, पण बोटं दिसायची नाहीत. धर्मा तेव्हा पोरगाच, पंचविशीचा. त्यानं एकदा मला पाहिलं. काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारी त्याची पेटी पश्चिमेच्या दाराशी आलेली. हात मला दिसतील असा बसलेला. दोन वर्षं तो तसाच बसला. मी घरी येऊन फळीवर कोळशानं पट्ट्या काढायचो आणि त्याच्यासारखी बोटं फिरवायचो.”

बोलता बोलता गुरुजींची बोटं पेटीच्या झाकणावर फिरत होती.

“तो मला वर बोलावू शकला असता. बोलावलं नाही, हे मी विसरलेलो नाही. पेटी दाराशी आणली, तेही विसरलेलो नाही.” गुरुजींनी झाकण पुन्हा काढलं. “मी तुमच्याकडे वाजवणार नाही. पण शिकवीन. इथं, रविवारी. कोणाला पाठवता?”

“कोनाला पाठवनार?” चांगदेव म्हणाले. “आपल्या आलीत पोरं हायेत कुठं?”

“बाबा, तुम्हीच शिका,” कल्पिता म्हणाली.

चांगदेवांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती थट्टा करत नव्हती. त्यांनी दोन्ही पंजे पुढं केले. पस्तीस वर्षं स्टिअरिंग धरून आणि विटा-रेती उतरवून बोटं जाड झाली होती. एका बोटाला नखच नव्हतं. “यांनी दोन पट्ट्या एका वक्ताला दबतील,” ते म्हणाले.

“दबू देत,” गुरुजी म्हणाले. “इकडे सरका. हा सा.”

चांगदेवांनी सा दाबला. भाता फार जोरात मारला, पेटी भोंग्यासारखी ओरडली, आणि सत्यवती आत्या इतकी हसली की तिला खोकला आला. तिच्याबरोबर चांगदेवही हसले. विहारात शिरल्यापासून पहिल्यांदाच.

त्या महिन्यात चार रविवार मिळाले. आधी अर्धा तास चांगदेवांचा धडा, मग पार्टीची तालीम. धडा संपला की चांगदेव टेम्पोत जाऊन बसायचे. दुसऱ्या रविवारी ते दारापाशी बसले. तिसऱ्या रविवारी आत भिंतीला टेकून, आणि आजीच्या महाडच्या वाटेचं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर त्यांचा हात ताल धरत होता.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहारासमोरच्या अंगणात दोनशे माणसं होती. वंदना झाली, खीर वाटून झाली. वाडीतल्या डीजेवाल्या अजितनं दोन माइक आणि एक स्पीकर आणून लावला आणि गुरुजींना म्हणाला, “आवाज वाढवायचा की कमी करायचा, खूण करा काका.” वरच्या आळीतली माणसंही आली होती. बरीचशी रस्त्याच्या कडेला मोटारसायकलींवर टेकून उभी होती, आत यावं की नाही ते न ठरवता.

पहिली दोन गाणी छान झाली. पण मे महिन्याची खाडीवरची दमट हवा, त्यात वडिलांची जुनी ढोलकी. तिसऱ्या गाण्याच्या आधी कल्पितानं पुडीवर बोट मारलं. सूर उतरला होता. नटबोल्टची ढोलकी, एक नट पार सैल झालेला. तो आवळायचा पाना घरी, मैनाच्या कपाटात राहिला होता. तिनं बोटांनी नट पिळायचा प्रयत्न केला. प्रज्ञा माइकवर काहीतरी बोलून वेळ काढत होती, पण लोकांना कळत होतं.

चांगदेव उजव्या बाजूला बसले होते. त्यांनी तिचे हात पाहिले. ते उठले, माणसांमधून वाट काढत बाहेर गेले, रस्त्यावर टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात ग्रीसनं काळे झालेले तीन पाने होते. सरळ पार्टीच्या सतरंजीवर येऊन ते कल्पितासमोर उकिडवे बसले.

“दहाचा लागंल की बाराचा?”

“दहाचा.”

“मी धरतो. तू आवल.”

त्यांनी ढोलकी दोन्ही हातांनी पक्की धरली आणि कल्पिता एकेक नट आवळत गेली. मध्ये थांबून टिचकी मारायची, गुरुजी पेटीवर सूर द्यायचे, ती मान हलवायची, पुन्हा अर्धा पीळ. तीन-चार मिनिटं गेली असतील. कुणी गडबड केली नाही. रस्त्याच्या कडेची माणसं नीट दिसावं म्हणून पुढं सरकली आणि नकळत अंगणात आली. सूर जुळला तसं चांगदेव म्हणाले, “जमलं गो,” आणि तो आवाज माइकमधून सगळ्यांनी ऐकला.

मग महाडच्या वाटेचं गाणं झालं. लय वाढते त्या जागी टाळ्या सुरू झाल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. सत्यवती आत्या उभी राहून गात होती. गाणं संपल्यावर गुरुजी काही क्षण भात्यावर हात ठेवून तसेच बसले. प्रज्ञानं त्यांना पाणी दिलं, ते न पिता त्यांनी हातात धरून ठेवलं.

पुढच्या गुरुवारी कल्पिता देवळात ढोलकी घेऊन बसली. मंडळातले दोघं उठून गेले. त्यातला एक पंधरा दिवसांनी परत आला, एक अजून आलेला नाही. चांगदेव अजून पेटीवर गात नाहीत, दोन्ही कामं एका वेळी त्यांना जमत नाहीत. आधी ते पेटीवर ओळ वाजवतात, मग हात काढून गातात. पण त्या लाडक्या शब्दावर आता ते पाहिजे तितकं थांबतात.

विहारातल्या रविवारी माणसं वाढली. वाडीतल्या दोन मुली आणि आळीतली एक अशा तिघी कल्पिताकडे ढोलकी शिकायला लागल्या. राजपुरीहून बचतगटातल्या बायका एकदा येऊन ऐकून गेल्या आणि आमच्याकडे कधी येता विचारून गेल्या. भीमजयंती कमिटीनं ठरवलं की पुढच्या वर्षी डीजे असेलच, पण त्याआधी दीड तास पार्टीचा. प्रणय एका रविवारी घरी होता. तो आला, मागं बसला, आणि जाताना ढोलकी उचलून त्यानंच टेम्पोत ठेवली.

श्रावणातल्या एका रविवारी मैना आली. पाऊस होता, घरात एकटी कुठं बसू, असं कारण तिनं सांगितलं. तालीम झाली, चहा झाला. सत्यवती आत्यानं तिच्याकडे बघत म्हटलं, “मैनाबाय, तुम्ही धवलारीण ना? आमच्या शेतावरून ऐकू यायचं तुमचं.”

कल्पितानं चमकून सासूकडे पाहिलं. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण, हे तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरी एक म्हातारी होती. पण मैना कधी त्याबद्दल बोलली नव्हती.

“होती,” मैना म्हणाली. “आठ वरसं झाली. नांदगावला एका लग्नात गात व्हती. फोटोवाला म्हनला, मावशी, जरा बाजूला व्हा. मी बाजूला झाली. तवर त्यांनी गाना लावला. मंग मी परत न्हाय गेली कुठं.”

“आज गाता?” प्रज्ञानं विचारलं.

मैना नाही म्हणाली. मग पदर नीट केला. मग पुन्हा नाही म्हणाली, आणि डोळे मिटून सुरू केलं.

आवाज बारीक होता, थोडा फाटलेला, पण सरळ जाणारा. मांडवाच्या पहिल्या खांबाचा धवला होता. गुरुजींनी सवयीनं पेटी जवळ ओढली आणि तिचा सूर शोधायला एक पट्टी दाबली. तो सूर थोडा खाली होता. त्यांनी वरची पट्टी दाबली, तो थोडा वर गेला. मैनाचा सूर त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी होता आणि तिथून हलत नव्हता. गुरुजींनी तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली आणला. हलकेच भाता मिटला.

कल्पिताचा हात पुडीवर गेला होता, तोही तिनं काढून घेतला. चांगदेव बायकोकडे बघत होते, जसं कुणी परक्या माणसाकडे बघावं.

मैना मध्येच अडली. डोळे उघडले. “म्होरचा आठवत न्हाय,” ती म्हणाली.

कुणी उठलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मैनानं थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, आणि मग अगदी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.